छाट

अशोक चौकाच्या मागे, टॉवेलच्या गोदामावर
आमचा रात्रीचा वर्ग. खाली माग सुरू असले
की फळ्यावर खडू आपोआप थरथरतो,
माझं मूळचंच वाईट अक्षर त्यांच्या नावावर खपून जातं.

सतरा नंबरचा फॉर्म भरलेल्या अकरा बाया,
एक सेंट्रिंगवाला, आणि सलूनमधला बसवराज
ज्याला दहावी कशाला हवी ते तो सांगत नाही.
मी दिवसा वीजबिलं घेतो, रात्री इंग्रजी शिकवतो.
दोन्ही खिडक्यांतून लोक माझ्याकडे
सारख्याच संशयाने बघतात.

पहिल्याच आठवड्यात मी ठोकून दिलं:
नामाला चिकटतं ते विशेषण,
घडतं ते क्रियापद,
कसं घडतं ते सांगणारं क्रियाविशेषण,
आणि त्याची खूण, शेपटीला ‘ली’.
राजमणी यमूल वहीतून मान वर न करता म्हणाली,
“मग फॅमिली?”
वर्ग हसला. मीही हसलो.
फ्रेंडली तर अजून यायचं होतं. ते मी त्या रात्री
काढलंच नाही.

पुढे वाट तिनेच काढून दिली.
“आमच्या तेलुगूत ‘गा’ लावतात, सर. वेगम, वेगंगा.
तसंच हे ‘ली’, कधी लागतं, कधी नाही.
तुमच्या मराठीचंच काही कळत नाही.
तो चांगला गातो, ती चांगली गाते.
गाणं तेच की! मग ‘चांगलं’ कशाला
धोतर सोडून लुगडं नेसतं?”
एम.ए.ला मला हे कुणी विचारलं नव्हतं.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी,
सोलापूरचं ऊन रात्री नऊलाही भिंतींतून निघत नव्हतं,
ती खालून चादरीचं लेबल उचलून आली: फास्ट कलर.
“इथं हा रंगाला धरून. विशेषण.
माग फास्ट पळतो, तिथं पळण्याला धरून.
आणि आज माझा उपास. आय फास्ट.
आता कुणाला धरून? स्वतःच उभा आहे.
शब्दाचं तोंड बघून काय उपयोग, सर,
तो कुणाच्या हाताखाली आहे ते बघायचं.”
मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं.
खाली तिचं नाव लिहिलं नाही.

मग सराव परीक्षा. ‘माझं घर’, पाच वाक्यं.
तिचं तिसरं: माय हजबंड हार्डली वर्क्स.
मी लाल गोल केला. समासात लिहिलं,
हार्ड म्हणजे कष्टाने,
हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच.
गोंधळ करू नये.
आणि अर्धा मार्क कापला.

वही हातात घेऊन ती बघत राहिली,
कारखान्यात हजारातल्या दीडशे विड्या
चेकर छाट म्हणून बाजूला ढकलतो,
कधी पान फाटकं म्हणून, कधी नुसतंच,
तेव्हा बाया बघतात तशी.

“लाल काय करायलाव, सर?
मला म्हणायचं होतं तेच लिहिलंय.
माग विकला त्याला सहा वर्षं झाली.
तेव्हापासून व्यंकटेश चौकात बसतो. हार्डली.
गोंधळ नाही. पुढचं वाचा.”

पुढचं होतं: आय वर्क हार्ड.
तिथे ‘ली’ नव्हता. मी आधी वाचलंच नव्हतं,
लाल पेन आधीच्या ओळीत रमलं होतं.

लाल शाई खोडरबराने जात नाही,
कागद तेवढा झिजतो. म्हणून गोलाशेजारी
लिहिलं, करेक्ट.

जर्द्याने पिवळं झालेलं बोट
तिने त्या शब्दावर टेकवलं.
“हे विशेषण, का क्रियापद?
बरोबर आहे म्हणता, का बरोबर कर म्हणता?”

खाली माग सुरू होते. ऐकू न आल्यासारखं करून
मी अर्धा मार्क परत दिला.
ती घाईत होती. घरी उद्याची पानं
भिजवायची राहिली होती.